भाडे संपल्यावर सायकल कुणाची?

ब्रिटनमध्ये नोकरदारांसाठी 'सायकल टू वर्क' नावाची एक योजना आहे. १९९९ च्या वित्त कायद्याने तिला करसवलत मिळाली, तेव्हापासून ती चालू आहे. कल्पना साधी आहे. माणसांनी कामावर मोटारीने न जाता सायकलने जावे, म्हणजे रस्ते मोकळे होतील, हवा बरी राहील आणि शरीरही. नोकरी देणारी कंपनी कामगाराच्या पसंतीची सायकल विकत घेते आणि त्याला भाड्याने देते. भाडे दरमहा पगारातून कापले जाते, पण कर आकारण्याच्या आधी. भाड्यात गेलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही आणि नॅशनल इन्शुरन्सची वर्गणीही नाही. बहुधा बारा महिन्यांत सायकलची सगळी किंमत भाड्याच्या रूपाने फिटते. मग प्रश्न उरतो, की आता सायकल कुणाची?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुस्लिम घरांतली पुष्कळ माणसे पोटापाण्यासाठी विलायतेत गेली, तिथेच स्थायिक झाली. त्यांची मुले आज तिथे इस्पितळांत, कचेऱ्यांत, गोदामांत नोकऱ्या करतात. अशा घरांतून हा प्रश्न आमच्यापर्यंत आला आहे. "चाचा, वर्षभर पैसे भरले, तरी सायकल तुझी नाही म्हणतात. मग मी भरलं काय?" विचारणाऱ्याला बहुधा एका ओळीचा मसला हवा असतो, हलाल की हराम. आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देण्याचा आमचा अधिकारही नाही. पण प्रश्न नीट उलगडून पाहिला तर त्यात व्यवहारातल्या सचोटीचे बरेच काही अडकलेले दिसते.

भाड्याची सायकल आपल्यालाही नवी नाही. आपल्याकडे गावोगावच्या सायकल-दुकानांत तासाच्या हिशेबाने सायकल मिळे. मडगार्डवर नंबर रंगवलेला असे, दुकानदार वहीत वेळ टिपून ठेवी. संध्याकाळी सायकल परत गेली की व्यवहार संपला. त्या भाड्याविषयी कुणाच्या मनात शंका नसे, कारण सायकल पुढे आपली होणार असे ना दुकानदाराला वाटे, ना नेणाऱ्याला. ब्रिटनच्या योजनेतली गंमत नेमकी इथे आहे. तिथे दोघांनाही ठाऊक असते की सायकल शेवटी कामगाराकडेच राहणार. पण कराराच्या वेळी दोघांपैकी कुणीही तसे म्हणायचे नाही.

म्हटले तर काय होते? भाडेकरारातच 'मुदत संपल्यावर सायकल तुझी' असे लिहिले, तर कायद्याच्या दृष्टीने तो भाडेकरार राहत नाही. ती हप्त्यांवरची खरेदी ठरते आणि करसवलत जाते. म्हणून कंपनी आधी वचन देत नाही. भाडे संपल्यावर, स्वतंत्रपणे, ती सायकल विकायला काढू शकते. तीही बाजारभावाने; त्याहून स्वस्तात दिली तर जो फरक पडेल तो पगारासारखा करपात्र धरला जातो.

हा बाजारभाव कोणी ठरवायचा यावर पूर्वी फार सैलपणा होता. सायकल नाममात्र रकमेत कामगाराच्या नावावर होई. ऑगस्ट २०१० मध्ये ब्रिटनच्या कर खात्याने एक तक्ताच काढून दिला. त्या तक्त्याप्रमाणे ५०० पौंडांहून कमी किमतीची सायकल वर्षानंतर मूळ किमतीच्या १८ टक्के मोलाची धरली जाते, ५०० किंवा त्याहून जास्त किमतीची २५ टक्के. दोन वर्षांनी १३ आणि १७. चार वर्षांनी फक्त ३ आणि ७.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने पाहू. सायकल ८०० पौंडांची आहे. इंग्लंडमधला साधा पगारदार २० टक्के प्राप्तिकर आणि एप्रिल २०२४ पासूनच्या दराने ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरतो. म्हणजे त्याचे २२४ पौंड वाचले. वर्षाअखेर सायकल विकत घ्यायची तर २५ टक्क्यांनी २०० पौंड मोजावे लागतील. हातात उरले २४ पौंड! एवढ्यासाठी एवढी कागदपत्रे कोण करील?

म्हणून दुसरी वाट निघाली. वर्ष संपल्यावर सायकल कंपनीकडून योजना चालवणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या मालकीत जाते. ती संस्था कामगाराशी नवा करार करते. आणखी तीन वर्षे सायकल वापर, मासिक भाडे काही नाही; फक्त ७ टक्के अनामत ठेव (५०० पौंडांच्या आतली सायकल असेल तर ३ टक्के). चार वर्षे पुरी झाली की सायकलचे मोल तक्त्याप्रमाणे नेमके तेवढेच उरलेले असते. तेव्हा अनामत हीच किंमत धरून सायकल तुझी, किंवा सायकल परत कर आणि अनामत घेऊन जा. आमच्या उदाहरणात ही अनामत ५६ पौंड होते. साहजिकच बहुतेकांची पसंती या वाटेला. तिसरी वाट सायकल सरळ परत करण्याची आहे, पण तिच्याकडे फारसे कुणी वळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या व्यवहाराचा शेवट दोघांना आधीच माहीत आहे, तो शेवट कागदावर न लिहिणे ही सचोटी की लबाडी?

हा प्रश्न फकीहांना नवा नाही, आणि त्याचे शब्दही आपल्या मराठीत शतकानुशतके रुळलेले आहेत. इजारा, वायदा, अमानत. 'इजारा' म्हणजे मूळ अर्थाने भाड्याचा करार. मराठीत तो मक्त्याच्या अर्थाने आला आणि इजारदार होऊन बसला. 'वायदा' म्हणजे वचन. आपल्याकडे त्याचा वायदेबाजार झाला. आणि वर जी 'अनामत' म्हटली ती तर 'अमानत'च. फक्त मराठीच्या जिभेवर अक्षरे इकडची तिकडे झाली. बँकेत अनामत ठेवणाऱ्या आपल्या शेजाऱ्याला आपण एक अरबी शब्द उच्चारत आहोत याची जाणीवही नसते. असो.

एका सौद्यात दोन सौदे गुंतवू नयेत, अशी मनाई हदीसच्या ग्रंथांत आहे. भाडे आणि विक्री एकाच वस्तूवर, एकाच वेळी, एकाच करारात बांधली तर काय बिघडते? बिघडते हे, की वस्तू कुणाची हेच कळेनासे होते. ती मोडली तर कुणाची मोडली? हरवली तर कुणाची हरवली? भाड्याच्या वस्तूत नुकसान मालकाचे असते, नेणाऱ्याच्या हयगयीने झाले असेल तेवढे सोडून. विकलेल्या वस्तूत नुकसान घेणाऱ्याचे असते. दोन्ही एकत्र कालवले की बलवान पक्ष दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलतो. भाडे घेताना म्हणतो मी मालक, नुकसान झाले की म्हणतो तू मालक. मनाई शब्दांच्या शुद्धतेसाठी नाही, दुबळ्या पक्षाच्या रक्षणासाठी आहे, असे आम्ही समजतो.

आधुनिक काळात घरे, मोटारी, यंत्रे अशाच 'मालकीत संपणाऱ्या भाड्या'ने मिळू लागली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाध इथे भरलेल्या आपल्या बाराव्या अधिवेशनात त्यावर ठराव केला. दोन करार एकाच वेळी एकाच वस्तूवर लागू होत असतील तर ते नामंजूर. मात्र भाडे हे खरेखुरे भाडे असेल, वस्तूची जोखीम मालकावर असेल, आणि विक्री वेगळ्या कराराने नंतर होणार असेल, तर मंजूर. मुदत संपल्यावर बाजारभावाने विकत घेण्याची मुभा भाडेकरूला देणे, हा प्रकारही मंजूर प्रकारांत मोडतो. ब्रिटनचे कर खाते आणि रियाधला जमलेले फकीह, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हेतूही वेगळे. एकाला तिजोरी सांभाळायची, दुसऱ्यांना शरियत. तरी दोघेही 'आधी भाडे, मग स्वतंत्र विक्री, तीही बाजारभावाने' या एकाच जागी येऊन थांबले, हे आम्हांला विचार करण्यासारखे वाटते.

पण कागद वेगळे केले म्हणजे मन वेगळे झाले का? आक्षेप घेणारा म्हणेल, ही तर हीला! कायद्याचे शब्द पाळून कायद्याचा जीव घेण्याची युक्ती. शनिवारी मासेमारीची मनाई असलेल्या किनाऱ्यावरच्या लोकांची हकिकत कुराणात आली आहे आणि तफसीरकारांनी ती विस्ताराने सांगितली आहे. शनिवारी मासे आत येतील अशी सोय करून ठेवायची आणि रविवारी उचलायचे. हात शनिवारी लागला नाही, हे खरे. तरी अल्लाहने त्यांना सोडले नाही.

हीलांविषयी आपल्या परंपरेत दोन्ही बाजू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिसऱ्या हिजरी शतकातल्या खस्साफ या हनफी विद्वानाच्या नावावर हीलांचे एक पुस्तकच आहे. उलट इमाम बुखारींनी आपल्या संग्रहात हीलांवर स्वतंत्र प्रकरण केले ते त्यांच्या विरोधात, आणि चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-कय्यिम यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदासंहितेचे तिसरे कलम तर करारात शब्दांपेक्षा हेतूला वजन देण्याविषयीच आहे. नीयतीवर कर्माचे मोल ठरते हे तर आपल्या घरातल्या पोरालाही पाठ असते.

तरीही सायकलची तुलना त्या माशांशी करणे आम्हांला पटत नाही. हीला वाईट ठरते ती कुणाचा तरी हक्क लपूनछपून बुडवते म्हणून. इथे ज्याचा हक्क आहे, म्हणजे सरकार, त्याला सगळे माहीत आहे. तक्ता त्यानेच काढला, चार वर्षांनी मोल ७ टक्के हे त्यानेच ठरवले. घरमालकाने स्वत:च मागचे दार उघडे ठेवले असेल तर त्या दाराने आत जाणाऱ्याला चोर म्हणता येणार नाही. चार वर्षे थांबून ५६ पौंडांत सायकल घेणारा सरकारला फसवत नाही.

आमची शंका दुसरीकडे आहे. भाडे खरे की नुसते नावाचे, याची परीक्षा कागदावर नाही, दोन साध्या प्रश्नांत आहे. एक, सायकल परत करायचे मनात आले तर ती सहजपणे परत करता येते का? दोन, ती चोरीला गेली तर कुणाची गेली? पहिल्याचे उत्तर बरे आहे. मुदतीअखेर परत करता येते, अनामत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बोचते. या करारांत विमा उतरवण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे कामगारावर टाकलेली असते, आणि सायकल चोरीला गेली तरी उरलेले भाडे पगारातून कापले जातच राहते. नोकरी सोडली तर बाकी रक्कम शेवटच्या पगारातून वळती होते, तीही करसवलतीशिवाय. मालकी कंपनीची आणि जोखीम कामगाराची! रियाधच्या ठरावाने जी अट घातली होती ती इथेच निसटते. कंपनीत चार शब्द बोलता येणारी माणसे असतील तर त्यांनी मागणी करायची ती याची, की सायकलचा विमा मालकाने उतरवावा. सायकल स्वस्त कशी पडेल याची चर्चा खूप होते, या मुद्द्याची होत नाही.

आता कामगाराच्या बाजूचे बोलू. भाड्याच्या काळात सायकलचा निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्यायेण्यासाठी व्हावा, अशी सवलतीची अट आहे. तिची नोंद ठेवण्याची सक्ती नाही, कुणी मैल मोजायला येत नाही. म्हणजे ही अट सर्वस्वी माणसाच्या इमानावर सोडलेली आहे. जिथे तपासणारा कुणी नाही तिथेच इमानाचा प्रश्न सुरू होतो. चकचकीत सायकल घेऊन ती जिन्याखाली उभी करून ठेवायची, रविवारी बागेत एक फेरी, कामावर मात्र मोटारच. असे करणारा कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाही. पण त्याचा वाचलेला कर हा सगळ्यांच्या खिशातून आलेला पैसा आहे, आणि तो एका कामासाठी दिलेला होता. बैतुलमालचा दिवा खासगी कामासाठी न जाळणाऱ्या खलिफांच्या गोष्टी आपण ईदच्या व्याख्यानांत कौतुकाने ऐकतो. त्या गोष्टी अशाच वेळी आठवायच्या असतात.

यात अन्यायाचा एक धागा आणखी आहे. तीच ८०० पौंडांची सायकल पुन्हा घेऊ. साध्या पगारदाराला ती, अनामतीसकट, ६३२ पौंडांना पडते. वरच्या पगाराचा माणूस ४० टक्के प्राप्तिकर आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरतो, म्हणून त्याला तीच सायकल ५२० पौंडांना पडते. ज्याची कमाई मोठी त्याला स्वस्त. आणि ज्याचा पगार कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाच्या काठावर आहे त्याला ही योजना मिळतच नाही, कारण कपातीनंतरचा पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये. नियम कामगाराच्या भल्यासाठीच केलेला, पण परिणाम असा.

सगळ्यांत विचित्र स्थिती आहे ती दिवसभर सायकलच चालवणाऱ्यांची. ब्रिटनच्या शहरांत पाठीवर चौकोनी पिशव्या बांधून घरोघरी जेवण पोहोचवणारी मुले आपण छायाचित्रांत पाहतो. कायद्याच्या दृष्टीने ती नोकर नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिलिव्हरू कंपनीच्या सायकलस्वारांना सामूहिक वाटाघाटीच्या हक्कासाठी आवश्यक ते नोकरीचे नाते लागू होत नाही असा निकाल दिला. ज्यांना पगारच नाही त्यांच्या पगारातून कपात कसली? तेव्हा कामासाठी सायकल या योजनेत, ज्यांचे कामच सायकल आहे ते बाहेर. बँकेतला अधिकारी आत.

मग भाडे संपल्यावर काय करावे? आमचे मत सांगतो. पटेल त्याने घ्यावे. जो ती सायकल खरोखर चालवतो त्याने चार वर्षांची वाट बेलाशक धरावी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. जो चालवत नाही त्याने ती परत करावी. 'एवढे पैसे भरले, आता परत कशी देऊ' हा हिशेब चुकीचा आहे. भरले ते भाडे होते, आणि भाड्याच्या बदल्यात वर्षभर सायकल दारात उभी होती. तासाच्या सायकलीचे पैसे दिले म्हणून दुकानदाराची सायकल आपण घरी ठेवून घेत नव्हतो. आणि ज्याला ती आजच आपल्या नावावर हवी, भावाला द्यायची आहे, विकायची आहे, त्याने आजचा बाजारभाव, ते २५ टक्के, मोजावेत. महाग पडेल, पण मालकी तेवढ्यालाच मिळते.

हे शेवटचे आम्ही थोडे जोर देऊन सांगतो, कारण गफलत होते ती इथेच. पहिले वर्ष संपून ७ टक्के भरले की माणसाला वाटते, झाली सायकल आपली. अनामत ही किंमत नव्हे, हे विसरले जाते. पुढची तीन वर्षे ती सायकल मध्यस्थ संस्थेची अमानत असते. अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याचा हुकूम सूरह निसामध्ये आहे, त्यात वस्तू लहान की मोठी असा फरक केलेला नाही. जे आपले नाही ते विकू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. इंग्लंडचा कायदाही सर्वसाधारणपणे हेच मानतो, की ज्याच्यापाशी मालकी नाही तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही, घेणाऱ्याने रोख पैसे मोजले असले तरी.

दुसऱ्या वर्षी नोकरी बदलते, घर बदलते, सायकल अडगळ होते. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिला दोनअडीचशे पौंड सहज येतील असे वाटते, आणि विचारायला कुणी येणार नाही असेही वाटते. पण अशी सायकल घेतो कोण? ज्याला योजनेतून नवी मिळाली तो जुनी घेत नाही. ती घेतो किमान वेतनावरचा सफाई कामगार, नाहीतर तो पिशवीवाला मुलगा, जो योजनेच्या बाहेर राहिला. त्याने दोन महिन्यांची शिल्लक देऊन ती घेतलेली असते. उद्या सांगाड्यावरचा क्रमांक पाहून खरा मालक दारात उभा राहिला तर पावती दाखवूनही त्याचा इलाज चालणार नाही. सायकल जाईल, आणि त्या दिवसापासून त्याचे कामही.